शर्यतीच्या आदल्या दिवशी

बोरिवली पश्चिम
४ डिसेंबर २०२५

रोशनी,

फोनवर तू मला ब्लॉक केलंयस. मेल उघडत नाहीस. म्हणून हा कागद. पत्ता तुझ्या स्की-शाळेच्या वेबसाइटवरून घेतला. तिथे तुझा फोटोही आहे. लाल जॅकेट, हातात काठ्या, भोवती गुडघ्याएवढी सहा-सात गोरी पोरं, मागे इटलीतले तेच डोलोमाइटचे डोंगर. खाली लिहिलंय, 'रोशनी, भारत. लहान मुलांचे वर्ग.' बर्फावर दहा किलोमीटर बत्तीस मिनिटांत कापणारी मुलगी आता पोरांना पडल्यावर उठायचं कसं ते शिकवते. छान. माझी अकरा वर्षं त्यासाठीच गेली असतील.

मी काही मागायला लिहीत नाहीये. एका गोष्टीची कल्पना द्यायची होती. येत्या फेब्रुवारीत तुमच्या त्या डोंगरांत हिवाळी ऑलिम्पिक आहे, तुला माहीतच आहे. इथल्या एका पेपरची अबोली नावाची मुलगी माझ्या स्केटिंग क्लासवर आली होती. गेटवरचा तुझा बॅनर बघून आत शिरली. बॅनर अजून आहे, उन्हानं तुझा चेहरा निळा पडलाय. तिला 'मनोरीच्या कोळीवाड्यातली मुलगी बर्फावर' असं काहीतरी लिहायचंय. तुलाही फोन करील. बोल तिच्याशी. शाळेबद्दल बोल, बर्फाबद्दल बोल. बावीस जानेवारीबद्दल मात्र बोलू नकोस. घरातलं घरात राहू दे. आईचा तरी विचार कर.

तुझ्या बाबांची बातमी शर्यत होईपर्यंत तुला सांगू नका, असं तुझी आईच मला म्हणाली होती. तेव्हाही मी तुला हेच सांगितलं आणि आजही सांगते. मी निरोप्या. निरोप्यावर तीन वर्षं राग धरायचा असतो का?

अबोलीनं विचारलं, "मॅडम, ही तुम्हाला सापडली कुठे?" मी सांगितलं. क्लासची मुलं घेऊन मनोरीला सहलीला आले होते. एक होडी किनाऱ्याला लागत होती, लाटेवर चांगली हातभर उडत होती, आणि पुढच्या टोकावर एक नऊ वर्षांची पोर कशालाही न धरता उभी. कमरेवर हात. मी तिथल्या तिथे तुझ्या बाबांना म्हटलं, ही मला द्या. ते हसले. "न्या, पण संध्याकाळी परत आणा."

दर रविवारी ते तुला स्वतःच्या होडीनं मार्वेला सोडायचे. तिथून मी तुला स्कूटरवर बोरिवलीला आणायचे. आधी साधे स्केट्स, मग ती चाकांची लांब स्की. उजाडायच्या आत गोराई-मनोरी रस्त्यावर तू पुढे, मागे भुंकणारी कुत्री, त्यांच्या मागे स्कूटरवर मी. काश्मीरच्या बर्फावर पहिल्यांदा नेलं ते मीच. इटलीला नेलं ते मीच. हे सगळं अबोलीला सांगितलं. तू तिला काय सांगशील कोण जाणे.

माधुरी मॅडम


बोरिवली पश्चिम
५ जानेवारी २०२६

रोशनी,

उत्तर नाही. अपेक्षाही नव्हती.

काल अबोलीचा फोन आला. तुझ्याशी तासभर बोलली म्हणे. "किती मोकळ्या आहेत त्या," म्हणाली. तास? मला तीन वर्षांत तीन मिनिटं दिली नाहीस आणि अनोळखी पोरीला तास? काय सांगितलंस विचारलं तर म्हणाली, "लेख लिहून झाला की दाखवते ना मॅडम." तिचा आवाज बदललेला वाटला.

मग माझंही ऐक. मी काय काय उचललंय हे तुला कोणी सांगितलेलं नाही.

आपण तिथे पोचलो तेव्हा बर्फच नव्हता, आठवतं? सगळी दरी तपकिरी. गवतावरून पांढरी पट्टी ओढल्यासारखा यंत्रानं केलेला बर्फ, आणि त्या पट्टीवर देशोदेशीच्या मुली पळत होत्या. मला रडायला आलं होतं. आयुष्यभर ज्या डोंगरांतल्या शर्यती मी टीव्हीवर डोळे लावून बघितल्या ते डोंगर असे उघडेबोडके. आपल्या खानावळवालीनं सांगितलं, हा चुनखडीच्या जातीचा दगड, फटीफटींनी भरलेला. पाणी धरून ठेवत नाही. वर तळी खोदून, खाली कापड अंथरून पाणी साठवावं लागतं, तेव्हा बर्फ बनतो. आणि तू वाटेतला एक दगड उचलून मला दाखवलास. "मॅडम, यात शिंपला हाय." खरंच होता. सगळा डोंगर एके काळी समुद्राच्या तळाशी होता म्हणे. तू तो दगड बाबांना दाखवायला बॅगेत ठेवलास.

मी हे का लिहितेय? तुला वाटतं मला काही आठवत नाही, म्हणून.

शनिवार, एकवीस जानेवारी. सकाळचे साडेअकरा. तू पट्टीवर स्कीच्या तळाला लावलेलं मेण तपासत होतीस. तुझा फोन माझ्याकडे होता, बंद. शर्यतीच्या आदल्या दिवशी फोन मॅडमकडे, हा आपला जुना नियम. म्हणून तुझ्या आईनं माझ्या फोनवर केला. तुझे बाबा, चंदर, जाळं ओढता ओढता होडीतच कोसळले. किनाऱ्याला आणेपर्यंत संपलं होतं.

तू म्हणशील, तेव्हाच सांगायचं. सांगून काय झालं असतं? विमानतळ तीन तासांवर. विमान नव्हतं. तुला रडवून, शर्यत घालवून, तिथेच बसवून ठेवायचं?

बरं, विमान नव्हतं असं मी तेव्हा म्हटलं, पण मी नीट बघितलं नव्हतं. माणूस गोंधळतो. पण दुसऱ्या दिवशीच्या एका शर्यतीवर तुझे पात्रतेचे गुण अडकले होते. तिथून तीन वर्षांनी ऑलिम्पिक त्याच डोंगरांत. त्या दिवशी गुण मिळाले असते तर संघटनेनं तुला उचललं असतं, पुढचं सगळं सोपं होतं. आणि मिळाले ना गुण! तुझी आयुष्यातली सर्वांत चांगली शर्यत ती. शेवटच्या चढावर तू त्या दोन पोलिश मुलींना मागे टाकलंस तेव्हा मी काठावर उभी राहून इतकी ओरडले की दोन दिवस घसा बसला होता.

रेषा ओलांडून तू बर्फावर पडलीस आणि म्हणालीस, "मॅडम, आता बाबांना फोन लावा."

तेव्हा मी सांगितलं. तू विचारलंस, "कधी कळलं?" मी म्हटलं, काल. तू छातीवरचा नंबर काढलास, घडी घातलीस आणि माझ्या हातात दिलास. नंतर जे काय बोललीस ते मी इथे लिहीत नाही. मी तुझी गुरू आहे.

माधुरी मॅडम


बोरिवली पश्चिम
७ फेब्रुवारी २०२६

रोशनी,

काल ऑलिम्पिकचं उद्घाटन झालं. आज संध्याकाळी क्लासमध्ये मुलांना मोठ्या पडद्यावर दाखवलं. डोंगर दिसले. सूर्य कलला की तो फिकट दगड गुलाबी होतो, तसेच. एका मुलीनं विचारलं, "बॅनरवरची ताई कुठल्या शर्यतीत आहे?" मी म्हटलं, ती दुखापतीमुळे नाही. पटकन तोंडातून गेलं. मला खोटं बोलायला वेळ लागत नाही, हे माझ्या आजच लक्षात आलं असं नाही. आज ते मला ऐकू आलं, एवढंच.

मुलं गेल्यावर अबोली आली. हातात दोन कागद. एकावर तुझं वाक्य, एकावर तुझ्या आईचं, सगुणाताईंचं. मनोरीला जाऊन आली होती ती. टेबलावर दोन्ही शेजारी शेजारी ठेवले.

तुझं होतं, "बाबा गेल्याचं मला कळवू नका, असं माझ्या आईनंच सांगितलं होतं. म्हणून मी घरी गेले नाही."

तुझ्या आईचं होतं, "तिला कळवलं होतं. ती बोलली शर्यत करून येते. बापसाला अग्नी देताना पोर नव्हती. तिचा फोटू माझ्या बाजूला छापू नका."

अबोली म्हणाली, "मॅडम, ही दोन्ही वाक्यं खरी असू शकत नाहीत. आणि दोघींच्या मध्ये तुम्हीच होतात."

मी तिला म्हटलं, चालती हो. ती गेली नाही. पंचविशीची असेल. म्हणाली, "मी हे छापणार नाही. पण तुम्ही त्यांना सांगितलं नाहीत तर मी जाऊन सांगेन. पंधरा दिवस थांबते."

म्हणजे मी हे लिहितेय ते मन खातंय म्हणून नाही. पकडली गेलेय म्हणून. हे आधी सांगते, म्हणजे पुढचं वाचताना मला मोठेपण देऊ नकोस.

तुझ्या आईनं तुला कळवू नका असं म्हटलं नव्हतं. ती म्हणाली, "मॅडम, रोशनीचा बापूस जेला. पोरीला घेऊन या." रडत नव्हती. मागे बायकांचा आवाज होता. म्हणाली, "आम्ही त्याला बर्फावर ठेवतो. बर्फ भरपूर हाय. उद्यापरत ठेवतो, ती येईपरत." मासळीचा बर्फ, रोशनी. तुझ्यासाठी.

मी म्हटलं, बघते.

आणि मी बघितलं. गेल्या पत्रात लिहिलं की नीट बघितलं नव्हतं, तेही खोटं. खानावळीच्या खोलीत पलंगावर बसून फोनवर बघितलं. संध्याकाळी साडेसातचं विमान होतं. दोन सीट होत्या. रविवारी दुपारपर्यंत तू मनोरीत असतीस. खिडकीतून खाली पट्टी दिसत होती आणि पट्टीवर तू. तुझी ती लांब ढेंग. त्या दिवशी मेण असं जमलं होतं की पाय लागल्यासारखे वाटतच नव्हते. मी पाच मिनिटं तुझ्याकडे बघत बसले. मग फोनवरचं ते पान बंद केलं.

पाऊण तासानं मी तुझ्या आईला फोन केला. म्हटलं, रोशनीला सांगितलं. ती म्हणते, बाबांचं स्वप्न होतं, शर्यत करून येते, माझ्यासाठी थांबू नका.

तिनं विचारलं, "आसं बोलली?"

"हो."

"तिला द्या फोन."

मी म्हटलं, ती रडतेय, बोलण्याच्या स्थितीत नाही.

त्याच संध्याकाळी कोळीवाड्यातल्यांनी तुझ्या बाबांना स्मशानात नेलं. तू तेव्हा माझ्यासमोर बसून सूप पीत होतीस. "मॅडम, बाबांना एक फोन करू? दर शर्यतीआधी करते ना." मी म्हटलं, आज नको, उद्या गुण घेऊनच कर. तू म्हणालीस, "बरोबर हाय, मजा येईल," आणि आणखी एक पाव घेतलास.

दुसऱ्या दिवशी तुला सांगायची वेळ आली तेव्हा तू माझ्याकडे अशा नजरेनं बघितलंस की एका क्षणात मी ते तुझ्या आईवर ढकललं. ठरवलं नव्हतं. तोंडातून निघालं. मग तू आईला फोन केलास. ती म्हणाली, "आता कशाला येतंस? झालं सगळं." तुला वाटलं, आईला मी नकोच होते. तिला वाटलं, पोरीला आता आठवण झाली. मी बाजूला उभी होते. दोघींपैकी एकीनं एक प्रश्न जास्त विचारला असता तर मी उघडी पडले असते. तुम्ही दोघी सारख्याच. मानी. मला ते माहीत होतं आणि मी त्यावरच निभावून नेलं.

मी संघटनेला लिहिलं की तुला मानसिक धक्का बसलाय, पुढच्या हंगामात परतेल. तू परत शर्यतीला उभी राहिली नाहीस. खानावळवालीनं तुला स्वयंपाकघरात काम दिलं आणि मी एकटी परत आले. त्या शर्यतीचा निकाल छापून क्लासच्या गेटवर बॅनर लावला. त्या वर्षी मुलं दुप्पट झाली.

पश्चात्ताप? तू शेवटच्या चढावर होतीस तोपर्यंत नाही. अजिबात नाही. मी बेचाळीस वर्षांची होईपर्यंत बर्फाला हात लावला नव्हता, रोशनी. आमच्या वेळी मुलींना कोणी कुठे पाठवत नव्हतं. तुझ्या पायांनी मी तिथे पोचले होते आणि एका मेलेल्या माणसासाठी परत फिरायचं नव्हतं मला. ज्या माणसानं हसत हसत मला त्याची पोर दिली, त्या माणसासाठी. ते म्हणाले होते, संध्याकाळी परत आणा.

तुझ्या आईला सांगायला मनोरीला जाईन. पंधरा दिवस आहेत.

माधुरी


बोरिवली पश्चिम
२३ फेब्रुवारी २०२६

रोशनी,

पंधरा दिवसांतला शेवटचा दिवस होता तेव्हा गेले. काल. त्याआधी दोनदा मार्वेच्या जेट्टीपर्यंत जाऊन परत आले होते, तेही लिहून टाकते.

फोनवर काय झालं ते तुला माहीत आहे. तुला दिसलं नाही तेवढंच लिहिते.

सगुणाताई अंगणात बोंबील वाळत घालत होत्या. मला बघून म्हणाल्या, "या मॅडम. त्या पेपरवालीला तुम्ही पाठवली काय?" मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. विमानाचं, दोन सीटांचं, सुपाचं. तुला लिहिलं होतं तेच, त्याच क्रमानं. बसले असते तर कदाचित काही गाळलं असतं.

त्यांचा हात थांबला नाही. एकेका बोंबलाचं तोंड दुसऱ्याच्या तोंडात अडकवून दोरीवर टाकत राहिल्या. टोपली संपली. मग पदराला हात पुसले.

"तिला ठाव नव्हतं?"

"नाही."

"शर्यत होईपरत?"

"नाही."

"मी बर्फ मागवलेला," त्या म्हणाल्या. "चार लाद्या. लोक बोलले, सगुणा, पोर येत नाय, कवर थांबशील? मी त्या लाद्या गटारात टाकायला लावल्या. तिच्यावरच्या रागानं." शेजारची एक बाई डोकावली, तिला हातानंच जा म्हणाल्या. "तीन वरसं मी माझ्या पोरीला शिव्या दिल्या. देवापुढं बसून दिल्या."

मला वाटलं मारतील. मारायला हवं होतं. मी तसं म्हटलंसुद्धा, की तुम्ही मला काय हवं ते बोला.

"तुला बोलून मना काय मिळंल?" पहिल्यांदाच त्यांनी मला तू म्हटलं. "फोन लाव."

मी म्हटलं, तिनं माझा नंबर बंद केलाय.

"माझ्या फोनवरून लाव. हाय तिचा नंबर. मी कवा लावला नाय."

मी लावला. दोनदा चुकला. तिकडे वाजायला लागल्यावर त्यांनी फोन माझ्या हातातून घेतला आणि म्हणाल्या, "तू भायेर हो." म्हणजे अंगणातूनही नको. मी कुंपणाच्या पलीकडे रस्त्यावर जाऊन उभी राहिले. त्या आत गेल्या, दार ओढून घेतलं.

रविवारची गर्दी होती. कॉटेजवर आलेली माणसं आइस्क्रीम खात चालली होती. मी पाऊण तास उभी होते. शब्द कळत नव्हते. आधी त्यांचा आवाजच नव्हता, म्हणजे तू बोलत असशील किंवा दोघीही गप्प असाल. मग त्यांचा एक हंबरडा ऐकू आला. तीन वर्षांपूर्वी फोनवर त्या रडल्या नव्हत्या. मी दाराकडे धावले आणि कुंपणाशीच थांबले. मला आत जायचा काय हक्क? मग हळूहळू आवाज खाली आला आणि शेवटी शेवटी एक वाक्य स्पष्ट कळलं. "तिथं मासळी तरी मिलते काय गं?" आणि त्या हसल्या. नाक ओढत, पण हसल्या.

दार उघडलं तेव्हा चेहरा सुजलेला होता. मला तिथे अजून उभी बघून त्यांना आश्चर्य वाटलं. विसरल्या होत्या मला. म्हणाल्या, "पोर मे महिन्यात येते. शाळा बंद झाली की." आणि दुसरी टोपली ओढून पुन्हा बोंबलांना बसल्या.

मी निघायला हवं होतं. पण मी तशी नाही, तुला माहीत आहे. मी विचारलं, "माझ्याबद्दल काही बोलली?"

"नाय."

"काहीच नाही? शिवी तरी?"

त्यांनी मान वर केली नाही. हातातला बोंबील दोरीवर टाकला, दुसरा उचलला.

"मी काढलं तुझं नाव," म्हणाल्या. "पोर बोलली, आये, दुसरं काय ते सांग."

माधुरी